बालगृहातून तुरुंगाकडे? संस्थापक्ष आणि वस्तीपक्ष

आईवडिलांपासून दूर, सरकारच्या किंवा संस्थेच्या आसऱ्याला वाढलेल्या मुलांपैकी पुढे तुरुंगात कोण जाते, हा प्रश्न अमेरिकेत आणि कॅनडात वंशाच्या अंगाने विचारला जातो. अमेरिकेतील एकूण मुलांमध्ये कृष्णवर्णीय मुले साधारण चौदा टक्के आहेत. सरकारी ताब्यात, परक्या कुटुंबांत किंवा संस्थांत ठेवलेल्या मुलांमध्ये ती बावीस-तेवीस टक्के भरतात. कॅनडात २०२१ च्या जनगणनेत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांपैकी ७.७ टक्के मुले मूळनिवासी होती, पण पालक-कुटुंबांत ठेवलेल्या मुलांपैकी तब्बल ५३.८ टक्के.

महाराष्ट्रात हाच प्रश्न जातीजमातीचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जाती १६.६ टक्के आणि अनुसूचित जमाती ८.६ टक्के होत्या. तुरुंगांच्या अलीकडच्या राष्ट्रीय आकडेवारीत अनुसूचित जातींचे प्रमाण विसाच्या पुढे जाते, तर शिक्षा झालेल्या कैद्यांत आदिवासी तेरा टक्क्यांच्या आसपास असतात. विमुक्त आणि भटक्या जमातींचा रकानाच या आकडेवारीत नाही. पारध्यांपुरते बोलायचे तर फासेपारधी अनुसूचित जमातीत मोडतात, राजपारधी व पालपारधी विमुक्त जातींत. एकाच समाजाची मुले दोन याद्यांत विभागली गेली आहेत आणि त्यांची एकत्रित मोजणी कोठेच होत नाही.

घराबाहेरच्या बालपणाची बहुतेक सगळी रूपे सातारा जिल्ह्यात दिसतात. पाचगणीला देशभरातून मुले शिकायला येतात. जॉन चेसन या इंग्रजाने १८६० च्या दशकात दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधल्या जागेत हे गाव वसवले. तेथे १८९५ मध्ये सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट, १९२२ मध्ये संजीवन विद्यालय आणि १९४५ मध्ये न्यू एरा अशा निवासी शाळा उभ्या राहिल्या. पसरणीचा घाट उतरून वाईमार्गे साताऱ्यात आले की रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहे लागतात. त्याच शहरात मुलांचे निरीक्षणगृहही आहे. लोक त्याला अजून रिमांड होमच म्हणतात. या तिन्ही ठिकाणची मुले रात्री आईजवळ नसतात. पाचगणीच्या मुलाला मात्र त्यामुळे कोणी संशयित ठरवत नाही, आणि रिमांड होमच्या मुलाला तो संशय जन्मभर पुरतो.

या विषयावर दोन पक्ष आहेत. संकटातल्या मुलाला वेळेत संस्थेत आणणे हाच त्याचा बचाव आहे, असे एक पक्ष मानतो. मुलाला वस्तीतून उचलण्यापासूनच त्याची तुरुंगाची वाट सुरू होते, असे दुसऱ्याचे म्हणणे आहे. येथे त्यांना संस्थापक्ष आणि वस्तीपक्ष म्हटले आहे.

संस्थापक्ष : घरापासून दूर राहिल्याने मूल बिघडते, हे पाचगणीने कधीच खोटे ठरवले आहे. सेंट पीटर्समध्ये झांझिबारहून फारुख बलसारा नावाचा मुलगा आठव्या वर्षाच्या सुमारास आला, समुद्रापलीकडच्या घरापासून दूर राहिला आणि पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगभर गाजला. श्रीमंतांच्या मुलांचे राहू द्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले आणि सर्व जातींची गरीब मुले एका पंगतीला बसवली. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. ती मुले आपापल्या वस्तीत राहिली असती तर त्यांच्या हाती पाटी आली असती का?

वस्तीपक्ष : पाचगणीच्या मुलाला त्याच्या आईवडिलांनी निवडून तेथे ठेवले. सुट्टी लागली की त्याला न्यायला गाडी येते. तो घरी जातो तेव्हा घर जागेवर असते. भाऊरावांनीही पालकांना विश्वासात घेऊन, त्यांची मुठीमुठीची मदत घेऊन मुले शिकवली. कोणाला आईच्या हातातून ओढून नेले नाही. पारध्याच्या पालावरून मूल नेले जाते तेव्हा आईबाप ‘अयोग्य’ ठरवलेले असतात आणि परत आणण्याची तारीख कोणी सांगत नाही. अंतर सारखे असले तरी या दोन गोष्टी एक नव्हेत. आणि ही रीत आजची नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात १८९७ साली दुरुस्ती झाली, तेव्हा चार ते अठरा वर्षांच्या मुलग्यांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारगृहात ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली. पुढच्या, १९११ च्या कायद्यातही मुलांना वेगळे काढण्याची सोय राहिली. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना ठेवण्यासाठी उभारलेली सोलापूरची वसाहत आजही ‘सेटलमेंट’ याच नावाने ओळखली जाते. मोठ्यांची रोजची हजेरी आणि मुलांचे वेगळे वसतिगृह या दोन्हींमागे एकच समज होता, की गुन्हा रक्तात असतो आणि मूल लहानपणीच बाजूला काढले तर तो उतरतो.

येथे वस्तीपक्षाचा मुद्दा इतिहासाला धरून आहे. संस्थापक्षाने तो मान्य करूनच पुढे जायला हवे, आणि तसे तो करतोही.

संस्थापक्ष : तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. आज मुलांना लागू होतो तो २०१५ चा बाल न्याय कायदा, जो १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, कुटुंबाची जबाबदारी पहिली, मुलाला नव्याने सुरुवात करण्याचा हक्क, ही तत्त्वे त्याच्या तिसऱ्या कलमातच लिहिली आहेत. बालकाला पोलिस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. दोष सिद्ध झाला तरी त्यापायी त्याला पुढे सहसा अपात्र ठरवता येत नाही. शिवाय गुन्ह्यांच्या वार्षिक राष्ट्रीय अहवालात पकडलेल्या बालकांची कौटुंबिक माहिती येते. त्यांतली पाचांपैकी चारांहून अधिक मुले आईवडिलांजवळ राहणारी असतात. संस्थेत वाढलेली मुले गुन्हेगार होतात असे म्हणायचे, तर हा आकडा उलट साक्ष देतो.

वस्तीपक्ष : आकडा खरा, अर्थ उलटा. देशातली जवळपास सगळीच मुले आईवडिलांजवळ राहतात, तेव्हा पकडलेल्यांतही तीच जास्त असणार. पाहायचे ते हे, की ज्यांना घर नाही किंवा आईबाप नाहीत अशी मुले एकूण मुलांत किती थोडी आहेत, आणि पकडलेल्यांत मात्र त्यांचा वाटा किती मोठा आहे. तसे पाहिले तर धोका कोठे साचला आहे ते दिसते.

आकडेवारी वाचण्याची ही रीत बरोबर आहे. पण केवळ वाटा मोठा असल्याने कारण कळत नाही. बेघर मूल अधिक गुन्हे करते की अधिक वेळा पकडले जाते, आणि पकडल्यावर अधिक काळ आत राहते की काय, या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. यांतली तिसरी सर्वांत कमी चर्चिली जाते, आणि तिचा विचार केला तर कायद्याचे शब्द सर्वांना सारखे असूनही फळ वेगळे का येते ते समजते.

बाल न्याय कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, बालकाला सोडणे हा नियम आहे. अपवाद तीनच : सुटल्यावर ते सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याची शक्यता, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका, आणि न्यायाच्या हेतूला बाधा. आता चोरीच्या एकाच आरोपात दोन मुले बाल न्याय मंडळासमोर आली असे समजू. पहिल्याचे वडील कराडच्या बाजारपेठेत दुकान चालवतात. ते आधार कार्ड, रेशनकार्ड आणि शाळेचा दाखला घेऊन हजर होतात, आणि परिविक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक तपासणी अहवाल दोन दिवसांत पुरा होतो. दुसऱ्याचे पाल गावाबाहेर माळावर आहे. बाप तुरुंगात, आजी लिहितावाचता न येणारी, आणि पोलिसांच्या भीतीने चुलते हजरच होत नाहीत. अहवालात ‘निश्चित पत्ता नाही, कुटुंबाला गुन्हेगारी पार्श्वभूमी’ असे लिहिले जाते. ते वाक्य वाचताच पहिला अपवादही लागू पडतो आणि दुसराही. मुलाचे रक्षण करण्यासाठी घातलेली अट त्याच्या जातीला लागते आणि मूल निरीक्षणगृहात राहते. मंडळातल्या कोणाच्या मनात द्वेष असावा लागत नाही. कागद आपले काम करतो.

वयाच्या पुराव्याचेही असेच आहे. चौऱ्याण्णवाव्या कलमाप्रमाणे आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसल्यास नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसल्यास हाडांची वैद्यकीय तपासणी. जन्म प्रवासात झालेला, शाळेत नाव नाही, अशा मुलाच्या हाती यांतले काहीच नसते. पकडताना वय एकोणीस लिहिले गेले, तर ते खोडून काढायला वकील लागतो, आणि तोवर मूल मोठ्यांच्या तुरुंगात असते. २०१६ ते २०२१ या सहा वर्षांत देशातल्या तुरुंगांत अशी किमान ९,६८१ मुले चुकीने ठेवली गेल्याचे आयप्रोबोनो या संस्थेने माहिती अधिकारातून मिळवलेल्या उत्तरांवरून समोर आणले आहे.

संस्थापक्ष : मग कागद करून देणारे कोण? बालगृहच. मूल बाल कल्याण समितीपुढे आले की त्याचे आधार निघते, शाळेत नाव पडते, वय ठरते. पालावर राहिले तर त्यातले काहीच होत नाही. वस्तीविषयी बोलताना दारू, बालविवाह, जातपंचायतीचा दंड आणि सिग्नलवर भीक मागणारी लेकरे यांविषयीही बोलावे लागेल. माराने सुजलेल्या मुलीला ‘समाजाची संस्कृती’ म्हणून तेथेच ठेवायचे का?

वस्तीपक्ष : मारलेल्या मुलीला तेथे ठेवा असे कोणीही म्हणत नाही. पण बहुतेक मुले मारामुळे उचलली जात नाहीत, गरिबीमुळे उचलली जातात. १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे. त्याखाली आई पकडली जाते, म्हणून मूल ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले’ ठरते. आईला पकडले नसते तर ती गरज उभीच राहिली नसती.

मूल हलवल्याने तुरुंगाचा धोका वाढतो की घटतो, यावर अमेरिकेत झालेली दोन संशोधने येथे उपयोगी पडतात. जोसेफ डॉयल यांनी इलिनॉय राज्यातल्या मुलांचा अभ्यास केला. तक्रार कोणत्या तपासनिसाकडे जाईल हे पाळीने ठरत असे, आणि काही तपासनीस मूल हलवायला लगेच तयार होत, काही होत नसत. हलवावे की नाही अशा काठावरच्या मुलांची तुलना त्यामुळे शक्य झाली. घरातून काढलेल्या अशा मुलांचे मोठेपणी अटक होण्याचे आणि तुरुंगात जाण्याचे प्रमाण दोन ते तीन पट निघाले. हे निष्कर्ष २००७ आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०२२ मध्ये जेसन बॅरन आणि मॅक्स ग्रॉस यांनी मिशिगन राज्यात त्याच पद्धतीने पाहिले, आणि निष्कर्ष नेमका उलटा आला : हलवलेल्या मुलांत मोठेपणीची अटक व तुरुंगवास घटले.

दोन्ही पक्ष आपापले संशोधन हाती घेऊन थांबू शकतात. तसे थांबणे चूक आहे, कारण मिशिगनच्या अभ्यासात फरकाचे कारणही सुचवलेले आहे. तिथली बहुतेक मुले काही काळाने आपल्याच घरी परतली, आणि ती दूर असताना त्यांच्या आईवडिलांना व्यसनमुक्ती, समुपदेशन अशी मदत मिळाली. मूल सुधारगृहात आणि घर तसेच, असे तिथे झाले नाही. म्हणजे हलवण्यापेक्षा परतीची वाट राखली की नाही, आणि त्या काळात घराला आधार मिळाला की नाही, यावर अधिक अवलंबून असते. पाचगणीच्या मुलाजवळ या दोन्ही गोष्टी आधीच असतात. पालावरच्या मुलाला त्या कोणी तरी मुद्दाम द्याव्या लागतात.

संस्थापक्ष : घरासाठी योजना आहेत. राज्याच्या बालसंगोपन योजनेत मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे ४,००० रुपये आहेत. हे पैसे घरात राहणाऱ्या मुलासाठीच आहेत.

वस्तीपक्ष : अर्जाला काय जोडायचे ते पाहा : रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते, आणि वडील गेले असतील तर मृत्यूचा दाखला. जातीच्या दाखल्यासाठी विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. त्या काळात ज्यांना गावात तीन रात्रींहून अधिक थांबू दिले जात नव्हते, त्यांनी तो कोठून आणायचा? मूल बालगृहात ठेवायला मात्र यांतला एकही कागद लागत नाही.

हा युक्तिवाद या साऱ्या वादात सर्वांत भक्कम आहे. संस्थेचे दार सहज उघडते आणि घराच्या मदतीचे दार कागदांनी अडते, तेव्हा कायद्यात ‘शेवटचा उपाय’ म्हणून लिहिलेली गोष्ट व्यवहारात पहिली होते. यात संस्थापक्षाच्या माणसांचा दोष थोडा आहे. तुटपुंज्या अनुदानावर आणि अपुऱ्या माणसांनिशी बालगृह चालवणारा अधीक्षक दारात आलेल्या मुलाला परत पाठवू शकत नाही.

दोन्ही पक्षांना आपली वाटतील अशीही उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. गिरीश प्रभुणे यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीला पारधी व इतर भटक्या मुलांसाठी निवासी शाळा उभी राहिली. अमरावती जिल्ह्यात मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकाने नोकरी सोडून २०१२ मध्ये भीक मागणाऱ्या मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ आश्रमशाळा काढली. तिच्या काही इमारती पुढे समृद्धी महामार्गाच्या जागेत गेल्या. संस्थापक्ष म्हणतो, या शेवटी संस्थाच. वस्तीपक्ष म्हणतो, तिथे मूल आपल्याच माणसांत असते, आईबाप येऊन भेटतात आणि पारधी भाषा बोलल्याबद्दल कोणी हसत नाही. येथे दोघांचे अंतर बरेच कमी होते, कारण शाळेत राहणारे मूल आणि ताब्यात घेतलेले मूल यांतला फरक दोघांनाही दिसतो.

अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर काय, याबाबत मतभेद फारसा नाही आणि काळजी दोघांनाही आहे. त्या वाढदिवसाला बालगृहाची जबाबदारी संपते. कायद्याने एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद केली आहे आणि राज्यात अनुरक्षण गृहे आहेत, पण ती थोडी आहेत, आणि मुलींसाठी आणखी थोडी. राज्याने २०१८ मध्ये अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण दिले. मात्र ज्याचा बाप जिवंत पण तुरुंगात आहे त्या मुलाला ‘अनाथ’ म्हणता येत नाही. असा मुलगा वस्तीकडे परततो तेव्हा दहा वर्षांत त्याला तिथे ओळखणारे उरलेले नसतात. पोलिसांच्या लेखी मात्र त्याचे आडनाव जुनेच असते. परिसरात घरफोडी झाली की पाले तपासली जातात, आणि तपासताना अठरा-वीस वर्षांचा, कामधंदा नसलेला, शेजाऱ्यांनी न ओळखलेला तरुण सर्वांत आधी उचलला जातो.

वस्तीपक्ष : म्हणून संस्थेइतकाच ठाण्याचाही विचार हवा. अमानतुल्ला खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये सांगितले, की केवळ मागास समाजातले म्हणून कोणाचे नाव गुन्हेगारांच्या नोंदवहीत चढवू नये, आणि अल्पवयीन नातलगांची नावे त्यात घालू नयेत. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर त्याच न्यायालयात ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंग नियमावल्यांतले जातिभेद रद्द झाले, आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असेही बजावले गेले. हे निकाल प्रत्येक ठाण्यात पाळले गेले, तर बालगृहातून निघालेल्या मुलाच्या वाटेतला मोठा खड्डा बुजेल.

संस्थापक्ष : मान्य. पण मग एक मागणी वस्तीपक्षानेही सोडावी. मुलांच्या नोंदीत जात व जमात लिहा, असे तुम्ही म्हणता. ज्या समाजाने हजेरीच्या पुस्तकात नाव लिहिल्याचे भोगले, त्याच्याच मुलाच्या फाइलवर पुन्हा जमात लिहायची?

वस्तीपक्ष : लिहिली नाही, तर दरवर्षी निरीक्षणगृहात किती पारधी मुले येतात आणि त्यांना जामीन किती दिवसांनी मिळतो, हे विचारताच येणार नाही. न मोजलेला अन्याय सिद्ध करता येत नाही.

पकडलेल्या बालकांचे शिक्षण आणि कौटुंबिक स्थिती राष्ट्रीय अहवालात छापली जाते. जात-जमात छापली जात नाही. संस्थापक्षाची भीती खरी आहे, कारण फाइलवरचा शब्द ठाण्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. तरी तिच्यावर उपाय आहे. बाल न्याय कायद्याप्रमाणे मुलाची ओळख उघड करणे गुन्हा आहे आणि त्याच्याविषयीचे अहवाल गोपनीय असतात. जमातीची नोंद मुलाच्या प्रकरणात, मंडळापुढच्या अहवालात किंवा पोलिसांच्या डायरीत न जाता महिला व बालविकास विभागाकडच्या वेगळ्या, नाव नसलेल्या तक्त्यात गेली, तर मोजणी होते आणि मूल झाकलेले राहते. त्या तक्त्यात किमान चार गोष्टी हव्यात : मूल कोणत्या कारणाने संस्थेत आले, किती दिवसांनी सुटले, कोणाकडे सुटले, आणि एकविसाव्या वर्षी ते कोठे आहे. पहिल्या तीन गोष्टी समित्यांच्या आणि मंडळांच्या दप्तरात आजही विखुरलेल्या आहेत. चौथीसाठी कोणी तरी त्या तरुणाला शोधत जावे लागेल, आणि ते काम परिविक्षा अधिकाऱ्यांकडेच जाते. त्यांची पदे आधी भरावी लागतील.